सावलीचे शास्त्र : नैसर्गिक प्रकाश आणि फ्लॅश यांची सांगड

फ्लॅश हे अंधारासाठीचे साधन आहे, ही समजूत इतकी रूढ झाली आहे की, दिवस मावळला की फ्लॅश सुरू करायचा आणि सूर्य वर असेपर्यंत तो बंद ठेवायचा, हा जणू नियमच मानला जातो. प्रत्यक्षात हौशी छायाचित्रकाराच्या हातातील लहान फ्लॅश मोठ्या अंधाऱ्या जागेत फारच थोडे काम करू शकतो. उलट वैशाखातल्या भर दुपारी, जेव्हा त्याची कोणाला आठवणही होत नाही, तेव्हा तो अतिशय उपयोगी ठरतो. ही विसंगती वाटते खरी, परंतु तिचे कारण प्रकाशाच्या स्वभावातच आहे. नैसर्गिक प्रकाशाने उभे केलेले चित्र जिथे अपुरे पडते तिथे ते सावरणे, हे फ्लॅशचे खरे काम असून, हे सावरणे बहुतेक वेळा सावलीशी निगडित असते. म्हणून फ्लॅशचा विचार करण्यापूर्वी नैसर्गिक प्रकाशाची पारख करणे क्रमप्राप्त ठरते.

प्रकाश पारखण्याची चार अंगे

कोणताही प्रकाश, मग तो सूर्याचा असो, समईचा असो वा फ्लॅशचा, चार अंगांनी पारखता येतो : त्याची दिशा, त्याच्या उगमाचा आकार, उगमापासूनचे अंतर आणि त्याचा रंग.

दिशेचा परिणाम सर्वांत आधी जाणवतो. छायाचित्र हे सपाट कागदावर किंवा पडद्यावर असते आणि त्यातील वस्तूला गोलाई व खोली आहे असा भास निर्माण होतो तो उजेड आणि सावली यांच्या परस्पर प्रमाणातून. प्रकाश समोरून आला की सावल्या वस्तूच्या मागे दडतात, त्यामुळे चेहरा सपाट दिसतो. तोच प्रकाश एका बाजूने आला की नाक, गालफडे, हनुवटी यांचे उंचसखलपण उमटते आणि कापडाचा पोत, भिंतीचा खरखरीतपणा, हातावरच्या सुरकुत्या स्पष्ट होतात. मागून येणारा प्रकाश केसांच्या आणि खांद्यांच्या कडा उजळून व्यक्तीला पार्श्वभूमीपासून वेगळे काढतो. डोक्यावरून येणारा प्रकाश मात्र डोळ्यांच्या खोबणी काळवंडून टाकतो.

दुसरे अंग उगमाच्या आकाराचे. हा आकार उगमाच्या प्रत्यक्ष मापावर ठरत नाही, तर चित्रविषयाच्या जागेवरून तो उगम केवढा दिसतो यावर ठरतो. सूर्य अवाढव्य असला तरी पृथ्वीवरून तो आकाशाचा जेमतेम अर्धा अंश व्यापतो, म्हणून त्याचे ऊन रेखीव कडांची, गडद सावली पाडते. अशा प्रकाशाला कठोर प्रकाश म्हणतात. तेच ऊन ढगांआड गेले की सारे आकाशच प्रकाशाचा उगम बनते, किरण सर्व बाजूंनी येऊ लागतात आणि सावलीची कड विरघळते. हा मृदू प्रकाश होय. या दृष्टीने पाहता, जवळची खिडकी हा मोठा उगम ठरतो आणि कॅमेऱ्यावरील दोन-तीन इंचांचा फ्लॅश हा अत्यंत लहान. फ्लॅशच्या प्रकाशाबद्दल जी तक्रार केली जाते, ती खरे तर त्याच्या या लहानपणाबद्दल आणि भिंगाला चिकटून असलेल्या त्याच्या जागेबद्दल असते.

तिसरे अंग अंतराचे असून त्याचा नियम भौतिकशास्त्राने काटेकोरपणे सांगितला आहे. लहान उगमापासून निघालेला प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होतो, म्हणजेच अंतर दुप्पट झाले की प्रकाश एक चतुर्थांश उरतो आणि चौपट झाले की एक सोळांश. सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर असल्यामुळे अंगणातील पुढच्या आणि मागच्या माणसाच्या अंतरातला फरक त्याच्या हिशेबी शून्यच असतो, म्हणून ऊन सर्वांवर सारखेच पडते. फ्लॅशचे तसे नाही. समूहचित्रात पुढची रांग फ्लॅशपासून २ मीटरवर आणि मागची ४ मीटरवर असेल, तर मागच्यांना पुढच्यांच्या केवळ पाव प्रकाश मिळतो आणि पुढचे चेहरे पांढरेफटक तर मागचे अंधारलेले दिसतात. छायाचित्रकार मागे सरला आणि हीच अंतरे अनुक्रमे ६ आणि ८ मीटर झाली, तर मागच्या रांगेला पुढच्या रांगेच्या निम्म्याहून अधिक प्रकाश पोहोचतो. फ्लॅशची शक्ती मात्र त्यासाठी वाढवावी लागते.

हा नियम चित्रकारांना फार पूर्वीपासून अनुभवाने ठाऊक होता. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांनी रंगवलेले, हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगातील चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलादालनात आहे. त्यात ज्योतीजवळची बोटे आणि चेहरा उजळलेले असून, तो उजेड काही वितींच्या आतच अंधारात विलीन होतो. उगम जवळ आणि लहान असला की प्रकाश किती झपाट्याने ओसरतो, याचा हा उत्तम पाठ आहे.

चौथे अंग रंगाचे. प्रकाशाचा रंग केल्व्हिन या एककात मोजला जातो आणि त्यातील गंमत अशी की, आकडा जितका लहान तितका प्रकाश अधिक तांबूस आणि आकडा जितका मोठा तितका तो अधिक निळसर असतो. मेणबत्तीचा प्रकाश सुमारे १,९०० केल्व्हिन, जुन्या पद्धतीच्या तारेच्या दिव्याचा २,७०० ते ३,२०० केल्व्हिन, दुपारच्या उन्हाचा सुमारे ५,५०० केल्व्हिन आणि निरभ्र आकाशाखालील सावलीतला त्याहूनही बराच वर असतो. फ्लॅश दुपारच्या उन्हाच्या रंगाशी जुळेल असाच बनवलेला असतो. कॅमेऱ्यातील व्हाइट बॅलन्स ही सोय कोणत्याही एका रंगाच्या प्रकाशाला पांढरा मानून चित्र समतोल करू शकते, परंतु एकाच चौकटीत दोन वेगळ्या रंगांचे प्रकाश आले तर तिचा इलाज चालत नाही.

उन्हापासून विजेच्या लखलखाटापर्यंत

छायाचित्रणाचा जन्मच मुळी उन्हावर अवलंबून होता. फ्रान्समध्ये निसेफोर निएप्स याने १८२०च्या दशकात आपल्या घराच्या खिडकीतून घेतलेले, आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने छायाचित्र घ्यायला इतका दीर्घ काळ लागला की, त्यात इमारतींच्या दोन्ही बाजू उन्हाने उजळलेल्या दिसतात. पुढे रासायनिक पट्ट्या अधिक संवेदनशील झाल्या, तरी एकोणिसाव्या शतकातील स्टुडिओंना काचेची छपरे आणि मोठाल्या खिडक्या ठेवाव्या लागत. उत्तर गोलार्धातील स्टुडिओंत या खिडक्या शक्यतो उत्तरेकडे असत, कारण त्या बाजूने थेट ऊन न येता आकाशाचा मृदू, दिवसभर फारसा न बदलणारा प्रकाश मिळे. १९१३ साली प्रदर्शित झालेला दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपटही दिवसाच्या उजेडातच चित्रित झालेला होता.

कृत्रिम प्रकाशाचे प्रयत्न मात्र लवकर सुरू झाले. १८५१ मध्ये हेन्री फॉक्स टॅलबट याने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये विजेच्या ठिणगीच्या उजेडात, वेगाने फिरणाऱ्या वर्तमानपत्राच्या कागदाचे चित्र टिपले. १८६०च्या दशकाच्या आरंभी नादार या फ्रेंच छायाचित्रकाराने पॅरिसच्या भुयारांत बॅटऱ्यांवर चालणारे विजेचे दिवे नेले, पण एकेका चित्राला कित्येक मिनिटे लागत असल्याने कामगारांच्या जागी त्याला पुतळे उभे करावे लागले. १८८७ मध्ये जर्मनीत आडोल्फ मीथे आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत ज्वलनाला मदत करणारी रसायने मिसळून क्षणात भडकणारी फ्लॅश पावडर तयार केली. तिचाच उपयोग करून जेकब रीस याने न्यूयॉर्कच्या दाटीवाटीच्या वस्त्यांतील अंधाऱ्या खोल्या जगासमोर आणल्या आणि १८९० मध्ये त्यावर गाजलेले पुस्तक प्रसिद्ध केले. या पावडरीचा धूर आणि स्फोटाचा धोका मोठा असल्याने १९३०च्या सुमारास काचेच्या बंद गोळ्यात जळणारे, एकदाच वापरता येणारे फ्लॅशबल्ब आले, आणि त्याच काळात अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत हॅरल्ड एजर्टन याने वायूने भरलेल्या नळीतून विजेचा झोत सोडून पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशचा पाया घातला. आजच्या फ्लॅशमध्येही कपॅसिटर या घटकात साठवलेली वीज झेनॉन वायूच्या नळीतून एका क्षणात मोकळी केली जाते.

या इतिहासातील पुढचा टप्पा अधिक विचार करायला लावणारा आहे, कारण तो अधिक प्रकाश मिळवण्याचा नसून मिळालेला प्रकाश सच्चा वाटावा यासाठीचा आहे. सत्यजित राय यांच्या १९५६ च्या ‘अपराजितो’ या चित्रपटासाठी बनारसच्या घराचा चौक उघड्यावर उभारायचा बेत होता, पण पावसाच्या भीतीने तो स्टुडिओत बांधावा लागला. तेव्हा छायालेखक सुब्रत मित्र यांनी चौकाच्या वर पांढरे कापड ताणून दिवे त्यावर परावर्तित केले आणि मोकळ्या आकाशाचा मृदू उजेड स्टुडिओत उतरवला. १९५९ च्या ‘कागज के फूल’ या चित्रपटात व्ही. के. मूर्ती यांनी नेमके उलट केले : आरशांच्या साहाय्याने प्रत्यक्ष सूर्यप्रकाश स्टुडिओत वळवून त्यांनी अंधाराला छेदणारा तिरपा झोत निर्माण केला. कृत्रिम दिव्याला आकाशाचे रूप देणे आणि सूर्याला दिव्यासारखे वापरणे या दोन्ही गोष्टी साधल्या, कारण दोघांनीही प्रकाशाची दिशा आणि उगमाचा आकार यांचा आधी विचार केला होता.

या प्रदेशाचे ऊन

छायाचित्रणाची बरीचशी पुस्तके युरोप-अमेरिकेत लिहिली गेली असल्याने त्यांतील सल्ला जसाच्या तसा उचलणे येथे धोक्याचे असते. सूर्योदयानंतरच्या आणि सूर्यास्तापूर्वीच्या सोनेरी, तिरप्या उन्हाच्या वेळेला ती पुस्तके ‘गोल्डन अवर’ म्हणतात, परंतु उष्ण कटिबंधात सूर्य क्षितिजाकडे जवळजवळ सरळ उतरत असल्यामुळे ही वेळ लवकर सरते. विषुवदिनाच्या सुमारास सूर्याला क्षितिजावरील शेवटचे सहा अंश उतरायला लंडनमध्ये साधारण ४० मिनिटे लागतात, तर मुंबईत सुमारे २५. म्हणून येथे जागा, चौकट आणि व्यक्ती यांची तयारी आधीच झालेली असावी लागते.

संपूर्ण महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने वर्षातून दोनदा सूर्य थेट डोक्यावर येतो. मुंबई-पुण्याच्या परिसरात हे मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस घडते. उन्हाळ्यातील लग्ने, मुंजी, जत्रा नेमक्या अशा उन्हात होतात, जेव्हा कपाळ आणि नाकाचा शेंडा चकाकतो आणि डोळे मात्र काळोखात बुडतात. याउलट डिसेंबरच्या अखेरीस मुंबईतील मध्यान्हीचा सूर्यही क्षितिजापासून केवळ ४८ अंशांच्या आसपास वर असतो, म्हणून हिवाळ्यात दिवसाचा बराच मोठा भाग तिरप्या, आकार उठवणाऱ्या प्रकाशाचा असतो.

भर दुपारी चित्र घ्यायचेच असेल, तर घराची ओसरी किंवा पडवी यांसारखी जागा नाही. छप्पर वरून येणारा प्रकाश अडवते आणि समोरच्या मोकळ्या आकाशाचा व अंगणातून परतणारा उजेड चेहऱ्यावर बाजूने वा समोरून पडतो, ज्यामुळे डोळे उघडे, निवांत आणि तेजस्वी दिसतात. अशा वेळी आसपासच्या पृष्ठभागांकडे मात्र लक्ष हवे, कारण प्रत्येक पृष्ठभाग आपला रंग प्रकाशाला देतो : चुन्याने रंगवलेली भिंत शुद्ध पांढरा उजेड परत पाठवते, कोकणातील जांभ्याची भिंत हनुवटीखाली तांबूस छटा आणते आणि हिरवळ हिरवट. पावसाळ्यात आकाशच दुधी काचेसारखे होते, सावल्या नाहीशा होतात आणि ओल्या पानांचे, मातीचे रंग गडद होतात. पण तो उजेडही मुख्यतः वरूनच येत असतो, म्हणून आषाढीच्या वारीत टिपलेल्या वारकऱ्यांच्या चेहऱ्यांत, विशेषतः टोपी-फेट्याखाली, डोळे अंधारलेले राहण्याची शक्यता ढगाळ दिवशीही कायम असते.

घराच्या आत खिडकी हे सर्वांत भरवशाचे साधन होय. थेट ऊन न येणाऱ्या खिडकीशेजारी व्यक्तीला बसवून तिचा चेहरा थोडा खिडकीकडे वळवला, की प्रकाश एका गालावरून दुसऱ्या गालाकडे क्रमाक्रमाने उतरत जातो आणि दूरच्या गालावर, डोळ्याखाली प्रकाशाचा लहानसा त्रिकोण उरतो. डच चित्रकार रेम्ब्राँ याच्या व्यक्तिचित्रांवरून या रचनेला त्याचे नाव मिळाले आहे. सावलीची बाजू फार गडद वाटल्यास तिकडे पांढरी चादर किंवा थर्माकोलचा तक्ता धरला की परावर्तित उजेड ती हळुवार उघडतो. व्यक्ती खिडकीच्या जितकी जवळ, तितका प्रकाश मृदू आणि मागची खोली तितकीच अंधारी दिसते, त्यामुळे पसाऱ्याने भरलेली खोलीही चित्रात शांत होते. खोलीतले दिवे मात्र अशा वेळी मालवावेत, अन्यथा त्यांचा पिवळा आणि खिडकीचा निळसर रंग एकाच चेहऱ्यावर भांडू लागतात.

एका चित्रात दोन प्रकाश

नैसर्गिक प्रकाशात फ्लॅश मिसळताना जो गोंधळ उडतो, तो एक गोष्ट समजली की बव्हंशी सुटतो : फ्लॅश वापरून घेतलेले प्रत्येक चित्र म्हणजे एकाच चौकटीत एकाच वेळी होणारी दोन स्वतंत्र प्रकाशनोंदी असतात, एक आसपासच्या उजेडाची आणि दुसरी फ्लॅशची. शटर, म्हणजे प्रकाश आत येऊ देणारा पडदा, सेकंदाच्या शंभराव्या भागाइतका काळ उघडा राहिला तरी फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी वेळात संपतो. म्हणून शटर अधिक काळ उघडे ठेवले तर आसपासचा उजेड वाढतो, फ्लॅशचा मात्र तेवढाच राहतो. ॲपर्चर, म्हणजे भिंगातून प्रकाश आत येण्याच्या छिद्राचे माप, आणि आयएसओ, म्हणजे संवेदकाची प्रकाश टिपण्याची क्षमता, यांचा परिणाम दोन्हींवर होतो. फ्लॅशची शक्ती आणि त्याचे विषयापासूनचे अंतर यांचा परिणाम फक्त फ्लॅशच्या भागावर होतो. हे ध्यानात ठेवले म्हणजे पार्श्वभूमी शटरने आणि चेहरा फ्लॅशच्या शक्तीने, असे दोन्ही वेगवेगळे साधता येतात.

फ्लॅशची मर्यादा गाइड नंबर या आकड्याने सांगितली जाते. हा आकडा म्हणजे अंतर आणि ॲपर्चरचा आकडा यांचा गुणाकार. आयएसओ १०० ला ज्याचा गाइड नंबर मीटरमध्ये ४० आहे, असा फ्लॅश एफ/८ या ॲपर्चरला ५ मीटरपर्यंत पुरेसा प्रकाश देऊ शकतो, त्यापलीकडे त्याचा जोर ओसरतो. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेतून किंवा क्रीडांगणाच्या कठड्यावरून मारलेल्या फ्लॅशने मंचापर्यंत काहीच का पोहोचत नाही, याचे उत्तर या गुणाकारात आहे. मोबाइलमधील एलईडी दिव्याचा आवाका तर त्याहूनही तोकडा, जेमतेम एक-दोन मीटरचा असतो.

आणखी एक मर्यादा शटरची आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत शटरचे दोन पडदे एकामागून एक सरकतात आणि ठरावीक वेगापलीकडे दुसरा पडदा पहिला पूर्ण उघडण्याआधीच निघतो, त्यामुळे कोणत्याही क्षणी संवेदक पूर्ण उघडा नसतो व फ्लॅश मारल्यास चित्राचा काही भाग काळा पडतो. ज्या कमाल वेगापर्यंत हे घडत नाही त्याला सिंक वेग म्हणतात आणि तो साधारणपणे सेकंदाच्या दोनशेव्या ते अडीचशेव्या भागाइतका असतो. त्याहून वेगवान शटर हवे असल्यास फ्लॅश अतिशय वेगाने लुकलुकत राहण्याची सोय काही यंत्रांत असते, पण तिच्यात फ्लॅशची शक्ती बरीच घटते.

भर उन्हात फ्लॅश

आता लेखाच्या आरंभी मांडलेला दावा तपासून पाहता येतो. स्वच्छ उन्हात आयएसओ १०० ला एफ/१६ आणि सेकंदाचा शंभरावा भाग ही जुळणी बरोबर ठरते, हा छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा आहे. त्याऐवजी एफ/११ आणि दोनशेवा भाग घेतला तरी तितकाच प्रकाश नोंदवला जातो. व्यक्तीची पाठ किंवा एक खांदा सूर्याकडे ठेवला, तर तिला ऊन डोळ्यांवर झेलावे लागत नाही, केसांवर उजळ कड उमटते, आणि चेहरा मात्र सावलीत जातो. मानवी डोळा ऊन आणि सावली या दोहोंतील तपशील सहज पाहतो, कॅमेऱ्याचा संवेदक त्या मानाने तोकडा असल्याने चेहरा साधायला गेले तर आकाश पांढरे पडते आणि आकाश साधायला गेले तर चेहरा काळवंडतो. येथे फ्लॅश कामास येतो, कारण त्याला केवळ दोन-तीन मीटरवरील चेहऱ्याची सावली उघडायची असते, जे त्याच्या आवाक्यातले आहे.

हा भर घालणारा फ्लॅश चित्राच्या मुख्य प्रकाशापेक्षा सौम्य असला तरच खपून जातो. प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होण्याच्या एका पायरीला स्टॉप म्हणतात. भर उन्हात फ्लॅश एक ते दीड स्टॉप आणि ढगाळ हवेत दोन स्टॉपांपर्यंत कमी ठेवला, तर सावली उघडते पण नाहीशी होत नाही आणि डोळ्यांत प्रकाशाचा लहानसा ठिपका चमकतो. हा ठिपका आकाराने क्षुल्लक असला, तरी त्याच्यामुळे डोळे जिवंत वाटतात. भिंगातून येणारा प्रकाश मोजून फ्लॅशची शक्ती आपोआप ठरवणारी टीटीएल ही पद्धत आज सर्वत्र आहे, परंतु किती कमी ठेवायचे हा निर्णय छायाचित्रकाराने स्वतः घ्यायचा असतो.

घरात आणि रात्री

घरामध्ये फ्लॅशचे तोंड थेट माणसाकडे न ठेवता पांढऱ्या छताकडे किंवा बाजूच्या भिंतीकडे वळवले, की छताचा किंवा भिंतीचा मोठा भाग उजळतो आणि तोच नवा, मोठा, म्हणून मृदू उगम बनतो. याला बाउन्स म्हणतात. भिंतीवरून बाउन्स केलेला प्रकाश बाजूने येत असल्याने तो छतावरून आलेल्या प्रकाशापेक्षा चेहऱ्याला अधिक आकार देतो. भिंत पोपटी किंवा गुलाबी असेल तर चेहराही त्या रंगाचा होतो आणि मंगल कार्यालयाचे छत फार उंच वा गडद असेल तर प्रकाश तिथेच हरवतो, हेही ध्यानात घ्यावे लागते. फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर नेल्याने डोळ्यांत दिसणारा लाल रंगही टळतो, कारण भिंगालगतच्या फ्लॅशचा प्रकाश डोळ्यांच्या आतील रक्तवाहिन्यांनी भरलेल्या पडद्यावरून थेट भिंगात परततो म्हणूनच तो लाल रंग उमटतो.

पिवळ्या दिव्यांच्या उजेडात फ्लॅश वापरला की माणूस निळसर आणि मागची जागा नारिंगी दिसते. फ्लॅशच्या तोंडावर नारिंगी पारदर्शक कागद, ज्याला जेल म्हणतात, लावला की दोन्ही प्रकाशांचा रंग जुळतो आणि कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स दोघांनाही एकत्र सांभाळू शकतो.

गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत किंवा दीपोत्सवात फ्लॅश एकटाच वापरला, तर पुढचा ढोलवादक उजळतो आणि मागचे सारे रस्ते, दिवे, गर्दी काळोखात नाहीशी होते, म्हणजे ज्या वातावरणासाठी चित्र घेतले तेच हरवते. अशा वेळी शटर सेकंदाच्या आठव्या किंवा पंधराव्या भागाइतके सावकाश ठेवावे, म्हणजे दिव्यांचा उजेड नोंदला जातो आणि फ्लॅश पुढच्या व्यक्तीला स्थिर करतो. फ्लॅश शटर मिटण्याच्या अगदी आधी मारण्याची सोय वापरली, तर टिपरूच्या हालचालीची धूसर रेघ त्याच्या मागे राहते आणि गती पुढच्या दिशेने जात असल्याचा योग्य भास होतो.

फ्लॅश न वापरण्याचे भान

काही ठिकाणी फ्लॅश बंद ठेवणे हेच कौशल्य असते. अजिंठ्याच्या चित्रे असलेल्या लेण्यांत फ्लॅशला मनाई आहे, कारण प्रकाशाने रंगद्रव्यांची होणारी हानी साचत जाते आणि भरून येत नाही. नाटकाच्या प्रयोगात फ्लॅश चमकला, तर प्रकाशयोजनाकाराने मेहनतीने रचलेला रंगमंचावरील उजेड क्षणात पुसला जातो आणि नटाचे लक्षही विचलित होते. तिथे आयएसओ वाढवणे आणि ॲपर्चर मोठे ठेवणे हाच मार्ग आहे. रात्रीच्या प्राण्यापक्ष्यांच्या अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर अचानक झोत टाकणेही टाळायला हवे. गाभाऱ्यातील समईचा उजेड, शेकोटीभोवतीचे चेहरे, संध्याकाळच्या देवघरातील निरांजन, अशा ठिकाणी उजेडाचा तोकडेपणा हाच चित्राचा आशय असतो आणि फ्लॅशने तो भरून काढला की आशयच निघून जातो.

रंग आणि रूप

या साऱ्या तंत्राचा सर्वांत गंभीर कस लागतो तो माणसाच्या त्वचेवर. सावळ्या आणि काळ्या त्वचेचा आकार मुख्यतः तिच्यावरील चमकेतून, म्हणजे तिच्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाच्या पट्ट्यांतून, प्रकट होतो. थेट फ्लॅश घामेजलेल्या कपाळावर आणि नाकावर छोटे, भगभगीत पांढरे ठिपके उमटवतो आणि उरलेला चेहरा सपाट करतो. याउलट खिडकी किंवा उजळलेली भिंत यांसारखा मोठा उगम बाजूने आला की तीच चमक रुंद, हळुवार पट्टा होऊन गालाचा उंचवटा, कपाळाचा कंगोरा आणि मानेची रेषा घडवते. लग्नसमारंभात चेहरे उजळ दिसावेत म्हणून फ्लॅशचा भडिमार करण्याची आणि चित्र जरुरीपेक्षा जास्त उजळ करण्याची जी सवय पडली आहे, ती केवळ तांत्रिक चूक नाही. तिच्यामुळे वधूवरांचे आणि त्यांच्या आप्तांचे खरे वर्ण त्यांच्याच आठवणींच्या वहीतून पुसले जातात, आणि गोरेपणाच्या आग्रहाला कॅमेऱ्याचा हातभार लागतो.

त्यामुळे चित्र घेण्याचा योग्य क्रम कोणता, याचे उत्तर साधे आहे. प्रथम फ्लॅश बंद ठेवून एक चित्र घ्यावे आणि त्यात उजेड कोणत्या बाजूने येतो, सावली कुठे पडते, तिची कड कशी आहे, रंग कोणता आहे, हे पाहावे. माणसाला दोन पावले सरकवून, थोडे वळवून किंवा शेजारी पांढरे कापड धरून काम भागत असेल, तर फ्लॅशची गरज नाही. जी सावली तरीही अर्थहीन आणि जड राहते, तेवढ्याच सावलीसाठी फ्लॅश सुरू करावा, शक्य असेल तर तो कॅमेऱ्यापासून बाजूला न्यावा, आणि कमी शक्तीपासून आरंभ करून सावलीतला तपशील दिसू लागताच थांबावे. असे केल्यावर पाहणाऱ्याला फ्लॅश वापरला होता हे कळत नाही, त्याला फक्त समोरचा माणूस त्याच्या मूळ रंगारूपात दिसतो. प्रकाशाचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येक छायाचित्रकाराने समोरच्या माणसाला एवढा न्याय तरी दिलाच पाहिजे.